सगळ्यांचा मळा

मी एक जुना पोहरा आहे. पोहरा म्हणजे विहिरीत सोडायची लोखंडी बादली. एवढे सांगितले की माझी ओळख पुरी होते. त्यापलीकडे सांगण्यासारखे आपल्याजवळ काही नाही, असेच मला पुष्कळ वर्षे वाटत आले. रिकामे खाली जायचे आणि भरून वर यायचे, एवढेच ज्याचे काम, त्याने चारचौघांत तोंड उघडावे का? पण मित्रांनो, एक गोष्ट माझ्या पोटात राहून गेली आहे. आता माझ्यात पाणी राहत नाही, कारण माझा तळ गंजून गळून पडला. ही गोष्ट मात्र गळून पडली नाही. ती मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कामशेतच्या बाजारात, दत्तोबा लोहाराच्या भात्यापुढे झाला. रेल्वेच्या एका जुन्या इंजिनाची पाण्याची टाकी मोडीत निघाली होती. तिचा पत्रा दत्तोबाने आणला आणि त्यातून मला घडवले. म्हणजे पोहरा होण्याआधीही मी पाणीच सांभाळत होतो. फरक इतकाच की तेव्हा मी खंडाळ्याचा घाट चढत-उतरत होतो आणि आता मला विहीर चढायची-उतरायची होती. दत्तोबाने माझ्या तोंडाची कड दुमडून तिला जाड वळ घातला, दोन्ही बाजूंना कान ठोकले आणि त्यांत कडी अडकवली.

मला न्यायला लोहगडाच्या पायथ्याच्या एका लहानशा वाडीतून हौशीराम आबा आले होते. ते त्या वाडीतले वडीलधारे. त्यांनी मला उचलून बोटाने टिचकी मारली, मग दुसरी, मग तिसरी.

"आबा, पोहरा न्यायला आलाय का देवळाची घंटा?" दत्तोबा हसून म्हणाला.

"वाजला तर पाहिजे की. फुटका न्हाई ना, ते कळतं."

"फुटंल कसा? इंजनाचा पत्रा हाय. तुमच्या नातवाच्या हातातबी हाच असंल."

ही माझी पहिली स्तुती. ती ऐकून मी थोडा फुगलो असेन. पुढच्या आयुष्यात असे प्रसंग फार आले नाहीत, म्हणून हा अजून आठवतो.

आमच्या वाडीची विहीर काळ्या खडकात खोदलेली होती. वर जांभळाच्या लाकडाचा रहाट होता. त्यावरून दोर सुटला की मी गरगर फिरत खाली जाई आणि थंडगार पाण्यात बुडे. वाडीतल्या सगळ्या बायका पाण्याला तिथेच येत. विहिरीवर माणसे फार मोकळेपणाने बोलतात. पोहऱ्याला कान असतात, पण ते कडी अडकवण्यापुरतेच, असे त्यांना वाटत असावे. कोणाची सासू कशी, कोणाचा बैल अडला, कोणाची सून माहेरून येत नाही, हे सगळे मी ऐकत असे. एकीचे बोलणे ऐकून मी खाली जाई आणि वर येईतो दुसरी आलेली असे.

कधी दोराची गाठ सुटून मी विहिरीत पडे. तेव्हा कोणीतरी ओरडे, "पोहरा पडला गं!" आणि सारी वाडी हातातले काम टाकून येई. आबांच्या घरी एक गळ असे, पुष्कळ आकड्यांचा. तो दोराला बांधून सोडायचा आणि मला अडकवून वर काढायचे. त्यात अर्धा वेळ शोधण्यात जाई आणि अर्धा थट्टेत. बजरंग नावाचा एक तरणा गडी गळ टाकण्यात पटाईत होता. "मासा लागला, मासा लागला," असे ओरडत तो मला वर घेई. ते दिवस चांगले होते.

मग मानमोडीचे साल आले. त्या वर्षी पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. भाताच्या लोंब्या पोचट राहिल्या. आणि पाठोपाठ तो ताप आला. माणसाची मान मोडल्यागत होई आणि तीन-चार दिवसांत सगळे संपे. घरोघर कोणी ना कोणी गेले. मला आठवते, एक दिवस असा उगवला की विहिरीवर कोणीच आले नाही. ऊन वर चढले, कलले, तरी दोर तसाच कोरडा. मी काठावर उपडा पडून होतो. कोरडा राहिलेला पोहरा तुम्ही पाहिला असेल. पण एवढ्या माणसांच्या वाडीत, भर दिवसा, तो कोरडा का राहतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

त्या तापात विठाबाईचा नवरा कोंडाजी गेला आणि धाकटा दीरही गेला. मागे राहिल्या ती आणि तिची लहान लेक सगुणा. औताला माणूस नाही, म्हणून शेत भावकीकडे वाट्याने गेले. पीकच नव्हते, तर वाटा कसला यायचा?

विठाबाई बोलायला फार नव्हती. पण तिची नजर बारीक होती. पाणी भरताना काठावर जे सांडे, ते एका उतारावरून पलीकडच्या ओसाड पडीत जाई. तिथे कोणी न लावलेला दुधी भोपळ्याचा एक वेल उगवून आला होता. विठाबाई त्याच्याकडे पाहत उभी राहिली आणि शेजारच्या रतनबाईला म्हणाली, "सांडल्या पाण्यावर हा एवढा आलाय. मुद्दाम घातलं तर काय न्हाई येणार?"

रतनबाईचेही दोन जण तापात गेले होते. ती म्हणाली, "येईल की. पर जागा कुणाची?"

जागा कोणाचीच नव्हती. वाडीची पड होती. विठाबाई हौशीराम आबांकडे गेली. तिचे म्हणणे साधे होते. विहिरीकडेची पड खणून तिथे भाजीपाला करावा. ज्या घरात कर्ता माणूस उरला नाही, त्या घरालाही त्यातून खाता येईल. उरलेले कामशेतच्या बाजाराला न्यावे, लोणावळ्याला तुंगार्लीच्या बंगल्यांवर न्यावे.

आबा विहिरीवर येऊन सगळ्यांसमक्ष म्हणाले, "पड सगळ्यांची हाय. तवा मळाबी सगळ्यांचा. कुणी एकट्यानं माझा म्हणायचं न्हाई. कबूल हाय का, विठे?"

"व्हय आबा. सगळ्यांचाच," विठाबाई म्हणाली. ती त्या दिवशी किती खुशीत होती!

मित्रांनो, इथे तुम्हाला आमच्या मावळातली एक रीत सांगायला हवी. तिला इर्जिक म्हणतात. एखाद्याच्या शेतात मोठे काम निघाले की तो घरोघर जाऊन बोलावणे करतो. सगळे जमतात, दिवसभर राबतात, मजुरी कोणी घेत नाही. मात्र ज्याचे वावर, त्याने बोलवायचे आणि त्यानेच पोटभर जेवू घालायचे. बोलावल्याशिवाय कोणी जात नाही. न बोलावता गेले, तर जेवायला आला असे म्हणतात. रीत चांगली आहे. मी तिला नावे ठेवत नाही. मी कोण नावे ठेवणार?

मळ्याच्या पहिल्या दिवशी इर्जिकच झाली. कल्पना विठाबाईची, म्हणून तीच दारोदार बोलवायला गेली. झाडून सगळे आले. बजरंगाने पहार घेतली आणि दगड उपसले. बायकांनी वाफे ओढले. करवंदीच्या काट्यांचे कुंपण घातले. डोंगरावरच्या ठाकरवाडीतून हिरी आणि तिचा नवरा कान्हू आले होते. हिरीने पानात बांधून काकडीचे आणि वालाचे बी आणले होते. मी दिवसभर वर-खाली करत होतो. इतके पाणी मी पुन्हा क्वचितच काढले असेल.

"आता बघा," बजरंग म्हणाला, "तुंगार्लीच्या बंगल्यातल्या मडमा आमची वांगी खाणार."

"मडमा वांगी खात न्हाईत," रतनबाई म्हणाली. "फुलदाणीत घालून ठिवतील."

"मग तर बरंच की. तीच तीच परत इकू."

सगळे हसले. मानमोडीनंतर वाडीत मोठ्याने हसणे मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले.

दुपारी विठाबाईने विहिरीकाठीच पंगत घातली. नाचणीच्या भाकरी, हुलग्याचे पिठले आणि शेवटी प्रत्येकाला मूठभर भात. रतनबाई जेवण आणू लागायला तिच्या घरी गेली होती. परत येऊन ती पंगतीला बसली. भाताची मूठ तिने आपल्या ताटातून हळूच सगुणेच्या ताटात सरकवली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिने बायकांना सांगितले, "बायांनो, विठाबाईची कणगी मी बघितली. पार तळ झाडून घेतलाय गं. काल आपण तिचं सगळं खाऊन बसलो."

मग एक म्हणाली, "आता लगेच जायला नको मळ्यात. गेलं की ती जेवायला घालणार. न्हाई घालायला जमलं तर तोंड लपवंल बिचारी."

"ती बोलावंल तवा जाऊ."

"व्हय. बोलावल्याबिगर न्हाई."

हे त्यांनी चांगल्या मनाने ठरवले. मी तिथेच होतो, म्हणून खात्रीने सांगतो. कोणाच्या मनात वाईट नव्हते.

इकडे विठाबाई रोज उजाडता उजाडता विहिरीवर येई. एकटीच पाणी ओढी आणि वाफ्यांना घाली. सगुणा झोपेतच तिच्यामागे येऊन काठावर बसे. पहिले काही दिवस विठाबाई वाडीच्या वाटेकडे पाही. मग पाहणे कमी झाले.

एकदा सगुणेने विचारले, "आये, तू बोलावत का न्हाईस कुणाला?"

विठाबाई दोर धरून थांबली. "कुणाच्या मळ्यात बोलावू गं? आबांनी सगळ्यांसमूर सांगितलंय, मळा सगळ्यांचा. मी बोलावणं केलं की म्हणतील, विठीनं मळा आपल्या नावावर केला. आन् बोलावलं तर वाढू काय? दगड?"

मी तेव्हा तिच्या हातात होतो. पाण्याने काठोकाठ भरलेला होतो. मला दोन्हीकडचे ठाऊक होते. ती वाट पाहत होती की लोक आपणहून येतील. लोक वाट पाहत होते की ती बोलावील. इतकी साधी गोष्ट होती. एकीने तोंड उघडले असते तरी पुरले असते. आणि हे जाणणारा वाडीत एकच जण होता. त्यालाच बोलता येत नव्हते.

थंडीत मेथी आली, कोथिंबीर आली. विठाबाईने पहिल्या मेथीच्या जुड्या बांधल्या आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर एकेक ठेवून आली. मळा सगळ्यांचा, तर भाजीही सगळ्यांची. मला वाटले, आता तरी कोडे सुटेल. झाले उलटेच. विहिरीवर बायका म्हणू लागल्या, "आपण एक दिस राबलो आन् ती रोज राबतीय. वर आपल्यालाच भाजी देतीय. आता कोणत्या तोंडानं जायचं?" लाज जितकी वाढली, तितके पाय मागे राहिले.

फक्त हिरी आली. डोंगरावरून मोळी घेऊन उतरताना तिने विठाबाईला एकटीने पाणी ओढताना पाहिले. मोळी टाकली आणि दोर हातात घेतला. विचारले नाही, सांगितले नाही. दोघींनी मिळून अर्धा मळा भिजवला. विठाबाई फक्त सगुणेला म्हणाली, "मावशीला काकडी दे." पुढेही दोन-तीन वेळा हिरी आली. मग एका सकाळी एका बाईने तिला विहिरीवर गाठले.

"काय गं हिरे, तुला बोलावणं आलं व्हय इर्जिकीचं? आमाला न्हाई ते?"

"न्हाई बा. मळा वाटंवर व्हता, म्हून..."

"वाटंवर लय जणांची घरं हायती. काकडी बरी गोड लागतीय वाटतं."

बोलणारी हसली. तिच्या दृष्टीने ती थट्टा होती. हिरी हसली नाही. त्यानंतर ती खालच्या वाटेने उतरेनाशी झाली. लांबचा फेरा घेऊन जाऊ लागली.

होळी झाली. ऊन तापू लागले. विहिरीचे पाणी खाली गेले आणि मला पूर्वीपेक्षा पुष्कळ खोल उतरावे लागे. दोर झिजला होता. त्याचे पेड सुटत चालले होते. पाणी भरणाऱ्या प्रत्येक बाईने ते पाहिले. जी ती म्हणे, "आबांना सांगायला पाहिजे." आबांना कोणी सांगितले नाही. प्रत्येकीला वाटले, दुसरीने सांगितले असेल.

विठाबाईचा एक मावसभाऊ तुंगार्लीला एका बंगल्यावर माळी होता. तो भेटायला आला आणि विहिरीवर हातपाय धुताना म्हणाला, "विठे, चल माझ्यासंगं. बंगल्यात झाडांना पाणी घालायला बाई पाहिजे. दोन येळचं खायला मिळंल. पोरीचं हाल करू नगंस."

"आन् हा मळा?"

"कुणाचा मळा? हितं तुझ्याबिगर माणूस दिसत न्हाई मला."

विठाबाईने दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "वांग्यांना दुसरा बहर येईल. तवर बघते. एक घर जरी मदतीला आलं, तरी मी जायची न्हाई दादा. एकच घर."

हे मी ऐकले. दुसऱ्या कोणी ऐकले नाही. त्या दिवसापासून मला स्वस्थता नाहीशी झाली. दत्तोबाने मला खणखणीत घडवले होते. मी ठरवले, जमेल तेवढा आवाज करायचा. रतनबाई पाणी ओढू लागली की मी विहिरीच्या खडकावर आपटे. ठण्, ठण्. जणू मी म्हणत होतो, तिला विचारा, एकदा विचारा. रतनबाई दोर सावरत म्हणे, "लय आदळतोय आजकाल पोहरा. दोर पिळलाय वाटतं."

माझ्या बोलण्याचा एवढाच अर्थ लागला.

वांग्यांना बहर आला. पण एकटीचे पाणी मळ्याला पुरत नव्हते. फुले गळू लागली. विठाबाई खाली पडलेली फुले वेचून पदरात धरी आणि मग पुन्हा वाफ्यातच टाकी.

एका सकाळी ती आली, तेव्हा तिने लुगड्याचा काचा घट्ट मारलेला होता. सगुणेच्या हातात गठुडे होते. विठाबाईने नेहमीप्रमाणे पाणी घातले. वांग्यांना, मिरचीला, दुधीच्या त्या पहिल्या वेलाला. शेवटच्या खेपेला मी भरून वर येत होतो. काठ हाताशी आला होता. आणि दोर तुटला.

मी पडलो. पडताना वर तिचा चेहरा दिसला. ती वाकून पाहत होती.

"जा बाबा," ती म्हणाली. "तूबी जा."

पाणी स्थिर झाले तेव्हा वर फक्त गोल आभाळ उरले होते.

बऱ्याच वेळाने रतनबाईची हाक ऐकू आली, "पोहरा पडला गं! पोहरा पडला!" मग पावले वाजली. वरच्या गोलात डोकी जमू लागली. एक, दोन, करता करता काठ भरून गेला. मी तळाच्या चिखलात आडवा पडून सगळे ऐकत होतो. विहिरीत आवाज फार स्पष्ट उतरतो.

हौशीराम आबाही काठी टेकत आले होते. बजरंग गळ बांधता बांधता त्यांना म्हणाला, "आबा, एवढ्या उन्हात तुमी कशापायी आला? तुमाला बोलावणं कुणी धाडलं?"

"पोहरा पडल्यावर बोलावणं लागतं व्हय रं गाढवा? इहीर सगळ्यांची हाय."

बजरंग हसायला लागला. मग त्याचे हसणे अर्ध्यावर राहिले. गळ पाण्यात पडल्याचा आवाज तेवढा झाला.

रतनबाई हळू आवाजात म्हणाली, "आन् मळा, आबा?"

"मळ्याचं काय?"

"आमी म्हणत व्हतो, विठाबाई बोलावंल. तिच्या घरात कण न्हाई, न बोलावता गेलो तर तिला लाज वाटंल."

"आन् मला वाटत व्हतं तुमी समद्या जाताय," आबा म्हणाले. बराच वेळ ते काठीने जमीन उकरत होते. "भाकरी आपापली बांधून न्यायची व्हती. त्यात कुणाचं काय जात व्हतं?"

इतके सोपे होते ते. भाकरी आपापली. इतक्या महिन्यांत हे एकालाही सुचले नव्हते.

"तिला हाक मार," आबा म्हणाले.

"दार ओढलेलं हाय," कोणीतरी सांगितले. "सकाळधरनं चुलीचा धूर न्हाई."

"मी बघितली तिला," बजरंग म्हणाला. "लोणावळ्याच्या वाटंला व्हती. पोरगीबी संगं व्हती."

"मग इचारलं न्हाईस?"

"मला वाटलं, बाजाराला चाललीया."

गळाने माझी कडी पकडली. मी वर आलो. माझी एक बाजू चेपली होती. या वेळी कोणी मासा लागला असे म्हणाले नाही. रतनबाईने मला दोन्ही हातांत घेतले आणि नवा दोर बांधेपर्यंत खाली ठेवले नाही. त्या दिवशी साऱ्या वाडीने मळ्याला पाणी घातले. संध्याकाळपर्यंत मी वर-खाली करत होतो. वांगी गेली होती. मिरचीची काही झाडे धरली. दुधीचा वेल जगला.

"विठाबाईला परत आणलं पाहिजे," असे त्या दिवशी सगळे म्हणाले. पण जायचे कोणी? आबांना वाटले, बायकांनी जावे. बायकांना वाटले, आबांनी मोठेपणाने जावे. मग पाऊस आला, भाताची लावणी आली. लावणीनंतर जाऊ, असे ठरले. कापणीनंतर जाऊ, असे ठरले. तुंगार्ली आमच्या वाडीपासून अवघ्या चार कोसांवर आहे.

मळा मात्र चालला. चांगला चालला, हे मला सांगितलेच पाहिजे. मळ्यावर येताना आपापली भाकरी आणायची, अशी नवी रीत पडली. बोलावणे बंद झाले. ज्या घरात कोणी उरले नव्हते, त्या घरांची चूल त्या भाजीवर पेटत राहिली. कामशेतच्या बाजारात आमच्या वांग्यांना गिऱ्हाईक असे. लोक माझीही स्तुती करत. चेपला तरी गळत नाही, असे म्हणत. मला त्या स्तुतीने बरे वाटायला हवे होते.

एकदा बजरंग भाजीची पाटी घेऊन तुंगार्लीला गेला होता. परत येऊन विहिरीवर रतनबाईला सांगत होता, "विठाबाई दिसली. बंगल्यातल्या गुलाबांना झारीनं पाणी घालत व्हती. मला बघून म्हणाली, दुधी धरला का रं? मी म्हणालो, धरला."

"आणि काय म्हणालास?"

"आणखी काय म्हणणार?"

"ये म्हणाला न्हाईस?"

बजरंगाने तोंडावर पाणी मारले.

पुष्कळ वर्षांनी विठाबाई स्वतःच आली. केस पांढरे झाले होते. सगुणेचे लग्न ठरले होते आणि ती घरोघर बोलावणे करायला आली होती. सगळी घरे फिरून ती शेवटी मळ्यापाशी आली आणि कुंपणाबाहेर उभी राहिली. दुधी मांडवावर लोंबत होते. ती एकेका वाफ्याकडे पाहत होती.

रतनबाई धावत गेली. "आगं, भाईर का उभी? आत ये की. तुझाच मळा हाय."

"माझा न्हवं. सगळ्यांचा," विठाबाई म्हणाली.

"मग ये की आत."

विठाबाई रागावलेली नव्हती. तिचा आवाज अगदी साधा होता. "लय वर्सं वाट बघितली, रतनबाई. कुणी बोलवायला येईल म्हणून. आता न्हाई वाटत आत यावंसं."

मग विहिरीवर येऊन तिने माझ्यातून ओंजळीने पाणी घेतले. तिच्या तळव्यांवर दोराचे जुने घट्टे अजून होते. पाणी पिऊन तिने माझ्या चेपलेल्या बाजूवर बोट फिरवले आणि वाटेला लागली.

लग्नाला सगळी वाडी गेली. एकही घर मागे राहिले नाही. बोलावणे होते ना.

पुढे आबा गेले. बजरंग थकला. दुसऱ्या मोठ्या युद्धाच्या वर्षांत तरणी माणसे कारखान्यांत आणि रेल्वेत लागली. वाडीला वरच्या अंगाला दुसरी विहीर झाली आणि मळ्याकडे येणारी पावले कमी झाली. एकेक वाफा पुन्हा पड झाला. विठाबाई तुंगार्लीलाच वारली, असे उडत उडत कानावर आले. माझा तळ गंजला. आधी पाणी थेंब थेंब गळे, मग धार लागे. एके दिवशी तळच निसटून विहिरीत राहिला. त्या वेळी कोणी गळ आणला नाही.

रतनबाईने मात्र मला टाकले नाही. ती फार म्हातारी झाली होती. गेल्या माघात तिने त्या जुन्या मळ्याच्या कोपऱ्यात दुधीची एक बी टोचली. शेळ्यांनी रोप खाऊ नये म्हणून मला त्याच्यावर उभे ठेवले. तळ नसलेल्या पोहऱ्याचा असा उपयोग होतो, हे मलाही ठाऊक नव्हते. बी उगवली. ती रोज तांब्याभर पाणी घेऊन येई, माझ्या तोंडातून ओती आणि थोडा वेळ बसे.

रतनबाईला जाऊन आता काही दिवस झाले.

रोप माझ्या आत आहे. त्याची पाने माझ्या वळापर्यंत आली आहेत. परवापासून ती खाली लोंबू लागली आहेत. वाटेने माणसे जातात. कोणी थबकून पाहतेही. काल एक बाई डोक्यावर भरलेली घागर घेऊन जाताना थांबली. वाकून तिने आत पाहिले आणि सोबतिणीला म्हणाली, "रतनबाईचं हाय ते. तिच्या घरची घालतील की पाणी." आणि दोघी गेल्या.

ती वाईट नव्हती. मी आयुष्यभर विहिरीवर माणसे पाहिली आहेत, म्हणून सांगतो.

मित्रांनो, तुम्ही कधी लोहगडाच्या बाजूला आलात, तर वाडीच्या खालच्या अंगाला एक जुनी विहीर दिसेल. तिच्यापासून थोड्याच अंतरावर एक चेपलेला, बिनतळाचा पोहरा उभा असेल. त्यात वाकून पाहा. रोप अजून हिरवे असेल, तर ओंजळभर पाणी घाला. ते कोणाचे आहे, हे कोणाला विचारायला जाऊ नका. तेवढा वेळ आता त्याच्याजवळ नाही.